आधी माळा बघा, मग टर्नटेबल घ्या : मुंबईत नव्यानं रेकॉर्ड ऐकू लागणाऱ्यांसाठी

‘रेकॉर्ड ऐकायला सुरुवात करायची आहे, कुठलं टर्नटेबल घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, ‘घरातल्या माळ्यावर काय आहे ते बघितलंस का?’ बहुतेकांनी बघितलेलं नसतं. गिरगाव, दादर, लालबाग सोडून बोरिवली-मुलुंडकडे सरकलेल्या कितीतरी मराठी घरांत जुन्या रेकॉर्ड्सचा एखादा गठ्ठा असतोच. आपल्याकडे नसला तर मामाकडे, आत्याकडे असतो. गावच्या घरी तर हमखास सापडतो.

आमच्याकडे तो सापडला आईनं गिरगावातली खोली सोडली तेव्हा. पत्र्याची ट्रंक, तिच्यात वर रद्दी आणि खाली आजोबांच्या चाळीसेक रेकॉर्ड्स. प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यात निळ्या शाईत तारीख आणि किंमत. भंगारवाला दारात उभा होता, ट्रंकेसकट सगळं न्यायला तयार. त्या दिवशी ती ट्रंक आम्ही ठेवून घेतली, म्हणून आज हा लेख लिहिता येतोय.

रेकॉर्ड परत आली आहे हे खरं आहे. अमेरिकेत २०२२ साली सीडींपेक्षा रेकॉर्ड्स जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. आपल्याकडे १९८०च्या दशकात कॅसेट घरोघरी गेली, रेकॉर्ड मागे पडली आणि नव्वदीत तर ती काढणंच थांबलं. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं जुनं दुकान २०१६ साली बंद झालं तेव्हा वाटलं होतं की आता मुंबईत हा विषय संपला. पण २०२४ साली नवी मुंबईत पुन्हा रेकॉर्ड दाबण्याचा, म्हणजे तयार करण्याचा, कारखाना सुरू झाला.

आनंदाचीच गोष्ट आहे ही. पण कारखाना खपेल ते दाबणार. गाजलेले हिंदी चित्रपट, इंग्रजी बँड, नवे कलाकार. आपली नाट्यपदं, भावगीतं, लावण्या, पोवाडे, भीमगीतं, भजनं यांतलं बरंचसं जुन्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्यांवर आणि लहान, सात इंची ईपींवर आहे, आणि ते कुणी नव्यानं दाबेल याची वाट बघण्यात अर्थ नाही. ज्या घरात ती तबकडी पडली आहे त्या घरातल्या माणसाला ती हाताळता आली तर ती राहील. म्हणून मी क्रम उलटा सांगते. आधी रेकॉर्ड, यंत्र नंतर.

पहिलं काम : काय सापडलं ते ओळखा

गठ्ठा खाली काढताना पाकिटासकट दोन्ही हातांनी काढा. रेकॉर्ड बाहेर घेताना बोटं फक्त कडेला आणि मधल्या लेबलला लागू द्या. मग तीन ढीग करा.

पहिला ढीग ७८चा. दहा इंची, जड, जाड. नखानं हलकेच वाजवली तर मातीच्या ताटलीसारखी टणक वाजते. हातातून पडली की फुटते, तिला दुसरी संधी नसते. एका बाजूला साधारण तीन ते साडेतीन मिनिटं वाजते. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित झालं तेव्हापासून अर्धशतकाहून जास्त काळ आपलं संगीत या तबकड्यांवर राहिलं. गवयांनी तासाभराचा राग तीन मिनिटांत बसवायचं कसब याच तबकडीसाठी कमावलं. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, दीनानाथ मंगेशकर यांचा आवाज आपल्यापर्यंत पोचला तो याच मार्गानं. भारतात ७८ फार उशिरापर्यंत निघत राहिली. १९६०च्या दशकात बीटल्ससुद्धा इथे ७८वर निघाले होते आणि परदेशातले संग्राहक त्या तबकड्यांच्या मागे असतात. म्हणजे जाड तबकडी दिसली की ती फार जुनीच असेल असं समजू नका.

दुसरा ढीग एलपीचा. बारा इंची, विनाइलची, हातात किंचित वाकते. मिनिटाला ३३⅓ फेरे. एका बाजूला वीसेक मिनिटं. अमेरिकेत ती १९४८ साली आली.

तिसरा ढीग सात इंचींचा. आपल्याकडच्या ईपीवर बहुधा पुढे दोन आणि मागे दोन गाणी असतात, फेरे ४५. मराठी घरांत हाच ढीग सर्वांत मोठा निघतो, कारण एलपी महाग पडायची आणि ईपी परवडायची.

लेबलवरचा क्रमांक वाचायची सवय आत्ताच लावून घ्या. एचएमव्हीच्या जुन्या एलपींवर ‘ईएएलपी’, ‘ईसीएलपी’ अशी अक्षरं असली तर ती बहुतेक मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज देणारी, असते. ‘ईएएसडी’, ‘ईसीएसडी’ असली तर स्टिरिओ. मोनो म्हणून तिला कमी लेखू नका. एका आवाजाचं गाणं मोनोत फार भरीव ऐकू येतं.

दुसरं काम : धुणं

इथे घाई करू नका. माझ्या हातून एक रेकॉर्ड गेली, ती याच टप्प्यावर.

ट्रंकेतल्या एका ७८वर पांढरे ठिपके होते. कुणीतरी सांगितलं होतं की रेकॉर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं स्वच्छ होते. कापसाचा बोळा बुडवला, फिरवला. बोळा काळा झाला. मला वाटलं, केवढी धूळ होती! दुसरा बोळाही काळा झाला. तिसऱ्याला तबकडी चिकट लागली आणि मी थांबले. ती धूळ नव्हतीच, तबकडीच विरघळत होती. ७८ची तबकडी लाखेची असते. आपले सुतार फ्रेंच पॉलिश करताना जो चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतात, तीच ही लाख, दगडाची पूड आणि काजळी घालून दाबलेली. स्पिरिट, अल्कोहोल, अत्तर, सॅनिटायझर यांतलं काहीही तिला लागता कामा नये. त्या तबकडीवर आजोबांनी ‘दसरा’ असं लिहिलं होतं. गाणं कुठलं होतं ते लेबलवरून कळतं, ऐकता मात्र येत नाही.

तेव्हा नियम असा. ७८ला फक्त पाणी आणि भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब, तेही झटपट. लाखेला पाण्यात भिजत ठेवायचं नाही. विनाइलला पाण्यात थोडंसं आयसोप्रोपिल चालतं, पण मी तिथेही साध्या लिक्विडवरच भागवते आणि भागतं.

पाणी डिस्टिल्ड घ्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते, बॅटरीच्या कुठल्याही दुकानात मिळतं. नळाचं पाणी वाळलं की खाचांत क्षार राहतात आणि ते सुईखाली कुरकुरतात. दोन मऊ मायक्रोफायबरची फडकी लागतील, एक धुवायला आणि एक पुसायला. आणि तसराळ्यात थोडं पाणी.

लेबलवर पाणी जाऊ देऊ नका. लहान प्लॅस्टिकची झाकणं दोन्ही बाजूंनी धरून मी लेबल झाकते. फडकं खाचांच्या दिशेनंच, गोल फिरवायचं. आडवं कधीच नाही. आधी लिक्विडच्या पाण्यानं, मग दोनदा नुसत्या पाण्यानं. लिक्विड खाचेत राहिलं तर पुढच्या वेळी सुईवर मेणासारखा गोळा जमतो.

वाळवायला ताटाळं उत्तम. स्टीलच्या ताटाळ्यात ताटांच्या जागी रेकॉर्ड्स उभ्या लावायच्या, कडेखाली मऊ कापड घालायचं आणि पंखा एकवर ठेवायचा. एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत. उन्हात तर मुळीच ठेवायच्या नाहीत. मे महिन्यात गॅलरीत अर्धा तास राहिलेली एलपी पापडासारखी वळते, आणि ती सरळ करायचा खात्रीचा घरगुती उपाय नाही.

पिठासारखे पांढरे डाग ही बुरशी. मुंबईच्या हवेत ती येणारच. अशा रेकॉर्ड्स बाहेर काढताना तोंडावर मास्क लावा, त्या वेगळ्या ठेवा आणि आतलं कागदी पाकीट टाकून द्या, कारण बुरशी खरी त्या कागदात असते. धुतलेली रेकॉर्ड पुन्हा त्याच पाकिटात घालणं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. बाहेरचं चित्राचं कव्हर मात्र टाकू नका. कोरड्या मऊ कापडानं पुसा आणि दोन-तीन दिवस पंख्याखाली उघडं ठेवा.

धुतल्यावरही थोडी खरखर राहते. ती राहू द्या. धुळीचा टकटक आवाज जातो, ओरखड्याचा जात नाही, आणि कान आठवडाभरात त्याला सरावतो.

तिसरं काम : यंत्र

आता टर्नटेबल. आपल्याकडे कुठला ढीग मोठा आहे ते एव्हाना कळलेलं असतं आणि त्यावरच खरेदी ठरते.

एलपी आणि ईपी असतील तर ३३ आणि ४५ फिरणारं साधं यंत्र पुरतं. ७८ असतील तर तीन वेगांचं हवं आणि शिवाय ७८ची वेगळी सुई हवी. ही गोष्ट विकणारे फार क्वचित सांगतात. ७८ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीच्या सुईचं टोक इंचाच्या सुमारे ०.७ हजारांश भागाइतकं, तर ७८च्या सुईचं सुमारे ३ हजारांश. बारीक सुई रुंद खाचेत तळाशी लोळते. आवाज चिरका येतो आणि सुई खराब होते. सुई ज्या लहान डबीत बसवलेली असते तिला कार्ट्रिज म्हणतात. ज्या कार्ट्रिजची सुई हातानं काढून दुसरी बसवता येते तसं कार्ट्रिज घेतलं की एकाच यंत्रावर दोन्ही जमतं.

सुरुवातीला काय टाळायचं ते स्पष्ट सांगते. सूटकेससारखी उघडणारी, आत स्पीकर बसवलेली स्वस्त यंत्रं घेऊ नका. दिसायला गोड असतात. पण त्यांची सुई पाच ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त वजनानं रेकॉर्डवर टेकते, आणि शेजारचा स्पीकर तिला सतत हलवत असतो. चांगलं कार्ट्रिज बहुधा दीड ते अडीच ग्रॅम वजनानं टेकतं. जड सुई लावणं म्हणजे रांगेत उभं राहून भरून आणलेल्या हंड्यात भोक पाडणं. इतक्या कष्टानं धुतलेल्या आजोबांच्या रेकॉर्ड्स अशा सुईखाली घालवू नका.

साधारण पंधरा-वीस हजारांच्या घरात स्वयंचलित, आत फोनो प्रीअँप असलेली यंत्रं मिळतात. ऑडिओ-टेक्निकाचं एलपी६०एक्स त्या वर्गातलं. बटण दाबलं की सुईचा हात आपोआप जातो, संपलं की परत येतो. घरात लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर हेच घ्या. त्यात सुईचं वजन बदलता येत नाही आणि ७८ चालत नाही, एवढं लक्षात ठेवा. त्याच्या वरचं यंत्र घेताना पैसे दिसण्यावर घालू नका, वजन जुळवता येणाऱ्या हातावर आणि बदलता येणाऱ्या कार्ट्रिजवर घाला.

फोनो प्रीअँप कशाला लागतो? सुईतून निघणारा विजेचा झोत अगदी क्षीण असतो, पाचेक मिलिव्होल्ट. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो आणि उंच सूर वाढवलेले असतात. खर्ज पूर्ण ठेवला तर खाच इतकी नागमोडी होते की एका बाजूला वीस मिनिटं मावतच नाहीत. ऐकताना हे सगळं उलटं करून सरळ करावं लागतं. १९५४ नंतर सगळ्या कंपन्यांनी त्यासाठी एकच प्रमाण धरलं. प्रीअँप ते काम करतो. तो नसेल आणि यंत्र थेट स्पीकरला जोडलं तर आवाज डबड्यातून आल्यासारखा पातळ येतो, आणि माणूस रेकॉर्डला दोष देऊन मोकळा होतो.

जुन्या यंत्रांचा मोह सगळ्यांना होतो, मलाही होतो. घरात एचएमव्ही फिएस्टा असेल तर ते दुरुस्त जरूर करून घ्या, आजीसमोर लावा, तिच्या चेहऱ्यावरचं बघा. पण रोजच्या ऐकण्याला ते नको, त्याची सुई जड असते. परदेशातून आलेलं जुनं यंत्र घेताना मागची पट्टी वाचा. जपानी असेल तर १०० व्होल्ट, अमेरिकन असेल तर ११० ते १२०. आपल्या २३० व्होल्टला लावलं तर जळेल, ट्रान्सफॉर्मर लागेल. आणि ट्रान्सफॉर्मरनं व्होल्ट बदलतात, हर्ट्झ बदलत नाहीत. जुन्या मोटरी विजेच्या हर्ट्झवर चालतात. अमेरिकेच्या ६० हर्ट्झवर ३३⅓ फिरणारी मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सुमारे २८ फेरे घेते. माणिक वर्मांचा आवाज एखाद्या जाडजूड गृहस्थाचा वाटू लागला तर कारण हेच. डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे थाळी थेट मोटरवर फिरणाऱ्या, टेक्निक्सच्या एसएल-१२००सारख्या यंत्रांना हा त्रास होत नाही.

बेल्ट, केबल, ट्रान्सफॉर्मर, सुया यांसाठी लॅमिंग्टन रोड. तिथे वरच्या मजल्यांवर अजून काही जुने कारागीर बसतात. जुन्या यंत्राला तेल द्यायचं, रबर बदलायचं, कंडेन्सर बघायचे हे त्यांच्यासारखं कुणाला जमत नाही. यंत्र त्यांच्यापुढे ठेवा आणि बाजूला उभं राहून बघा. मी तिथे उभी राहून जेवढं शिकले तेवढं कुठे वाचून शिकले नाही.

चौथं काम : यंत्र मांडणं

यंत्र पातळीत हवं. थाळीवर गवंड्याची लहान लेव्हल ठेवून बघा. स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नका.

चाळीत लाकडी जमीन असेल तर कुणी चालत आलं की सुई उडी मारते. उपाय एकच, भिंतीत ब्रॅकेट ठोकून त्यावर फळी टाकायची आणि यंत्र तिथे ठेवायचं. रेल्वेलाइनजवळच्या इमारतीतही हेच करा. आमच्याकडे फळी लागली त्या दिवसापासून खालच्या घरातलं मसाला कुटणं आणि आमचं गाणं दोन्ही सुखानं चालतं.

हाताचं वजन असं जुळवतात. मागचं गोल वजन फिरवत हात हवेत आडवा तरंगू द्यायचा, ना वर ना खाली. तिथे आकड्यांची चकती शून्यावर आणायची. मग दोन्ही एकत्र फिरवून कार्ट्रिजला सांगितलेल्या ग्रॅमवर आणायचं. हात आत ओढला जाऊ नये म्हणून असते ती अँटीस्केटिंगची कळही त्याच आकड्यावर. तपासायला सुईखाली ठेवायचा लहानसा डिजिटल काटा मिळतो, तो घ्याच. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड जपली जाते असं पुष्कळांना वाटतं, ते चुकीचं आहे. हलकी सुई खाचेच्या भिंतींवर आपटत जाते आणि त्यानं जास्त नुकसान होतं.

स्पीकरमधून सतत ‘हुं’ असा घुमणारा आवाज येत असेल तर अर्थिंगची बारीक तार प्रीअँपला जोडायची राहिलेली असते.

पाचवं काम : बाहेरची खरेदी

घरचं ऐकून झालं, कान तयार झाला की मग चोर बाजार. मटण स्ट्रीट, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. शुक्रवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे तो दिवस सोडून जा, आणि सकाळी उशिरा जा. घाईघाईनं दुकानं उघडायच्या वेळी कुणालाच गठ्ठे खाली काढायची इच्छा नसते. फोर्टमध्येही फुटपाथवर जुन्या रेकॉर्ड्स मांडलेल्या दिसतात.

एक एलपी हातात घ्यायची आणि बल्बखाली तिरकी धरायची. सरळ धरली की सगळ्याच चकचकीत दिसतात. तिरप्या उजेडात बारीक केसासारख्या रेषा दिसल्या तर हरकत नाही, त्या बहुधा ऐकू येत नाहीत. रेषेवरून नख हलकेच न्या. नख अडलं तर सुईही अडणार. मग मधलं भोक बघा. भोकाभोवती लेबलवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पुसट रेघा असतील तर ती रेकॉर्ड पुष्कळदा लावली गेली आहे. काळी चमक जाऊन खाचा करड्या पडल्या असतील तर कितीही धुवा, आवाज फाटलेलाच येणार. माझ्या पहिल्या फेरीत एका दुकानदारानं मला हे सगळं करताना बघितलं आणि स्वतःच म्हणाला, ‘ये मत लो, घिसी हुई है,’ आणि खालच्या खोक्यातून त्याच रेकॉर्डची दुसरी प्रत काढून दिली. बघून घेणाऱ्याला तिथे मान मिळतो.

हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्ड्स लग्नाच्या मांडवात, गणपतीत लाऊडस्पीकरवर घासून घासून वाजल्या आहेत, आणि तरी किंमत त्यांचीच जास्त. राहुल देव बर्मनच्या संगीताला तर विचारूच नका. त्याउलट शास्त्रीय रेकॉर्ड्स ज्यांनी घेतल्या त्यांनी जपून ऐकल्या. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व यांच्या एलपी बऱ्याचदा चांगल्या अवस्थेत मिळतात. मराठी ईपींचा तर वेगळा गठ्ठाही कुणी लावत नाही. गुजराती गरबा आणि कोकणी गाण्यांच्या मध्ये त्या कुठेतरी पडलेल्या असतात आणि थोडक्या पैशांत येतात. शाहीर साबळे, सुधीर फडके, पु. ल. देशपांडे यांच्या आवाजातलं काही ना काही मला अशाच खोक्यांत मिळालं आहे. तळापर्यंत खोका बघायचा कंटाळा करू नका.

७८ घेताना वर्तमानपत्रात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये बांधून घ्या आणि गर्दीच्या लोकलनं आणू नका.

नव्या रेकॉर्ड्ससाठी माहीमला द रिव्हॉल्व्हर क्लबसारखं दुकान आहे, तिथे बसून ऐकताही येतं. नवी रेकॉर्ड बहुधा दोन-तीन हजारांच्या पुढेच जाते. जुन्या हिंदी संगीताच्या नव्या आवृत्त्या घेताना मागच्या बाजूला हक्क कुणाचा ते वाचा. एचएमव्हीचा जुना साठा आज सारेगामाकडे आहे, कंपनीनं २००० साली ते नाव घेतलं. कव्हरवर कुणाचंच नाव नसेल तर ती बहुतेक चोरून काढलेली असते, आणि तिचा आवाज कुठल्यातरी सीडीवरूनच घेतलेला असतो.

पावसाळा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत रेकॉर्ड्स बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. उभ्या ठेवा, आडव्या रचू नका, खालच्या वाकतात. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्याला बदला. रोज दोन-तीन तरी लावा. हवा लागलेल्या रेकॉर्डला बुरशी कमी धरते, हे माझं पंधरा पावसाळ्यांचं निरीक्षण आहे.

पुढे काय

‘रेकॉर्डचा आवाज सीडीपेक्षा चांगला’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. मोजमापात सीडी पुढे आहे. हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर तिच्यात जास्त मावतं, आणि खरखर नाही. रेकॉर्डमध्ये जे आहे ते ऐकण्याच्या पद्धतीत आहे. बाजू लावली की वीस मिनिटं बसायचं, पुढचं गाणं बोटानं सरकवता येत नाही. माझा भाचा कानात इअरफोन घालून दिवसभर गाणी ऐकतो, पण नाट्यपदाची पूर्ण एक बाजू त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकली ती आमच्या फळीसमोर बसून.

हा धंदा टिकेल का? जगभर हा धंदा मोजक्या हातांवर उभा आहे. रेकॉर्ड दाबायला आधी लॅकरच्या, म्हणजे मऊ लेपाच्या, तबकडीवर खाच कापावी लागते, मग तिच्यावरून धातूचे ठसे. फेब्रुवारी २०२०मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्स हा लॅकरचा कारखाना जळाला, आणि जगाला पुरवठा करणारा जपानमधला एकच कारखाना उरला. तांब्यावर थेट खाच कापायची दुसरी पद्धत आहे, म्हणून काम थांबलं नाही. नवी मुंबईतल्या कारखान्याचा फायदा आपल्याला दिसेल तो वेळेत आणि खर्चात. युरोपातून दाबून आणायचं भाडं आणि सीमाशुल्क वाचलं तर मराठी गायकाला, एखाद्या लहान बँडला तीनशे-पाचशे प्रती काढायचं धाडस करता येईल. मला त्या दिवसाची मनापासून आस आहे. एखाद्या तरुण गायिकेची नवी मराठी एलपी निघाली तर पहिल्या दिवशी दोन प्रती घ्या, एक ऐकायला आणि एक द्यायला.

जुन्याची जबाबदारी मात्र आपलीच. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी ७८च्या तबकड्यांची माहिती गोळा करायचं मोठं काम केलं आहे. त्यांनी लिहिलेलं शोधून वाचा. घरच्या रेकॉर्ड्सचं आपल्याला करता येतं ते असं. एक जाड वही घ्या. प्रत्येक रेकॉर्डची एक ओळ: लेबल, क्रमांक, गायक, गाणी, रचना कुणाची, पाकिटावर हातानं काय लिहिलं आहे. लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर, शेवटच्या खाचेनंतर, बारीक खरडलेला क्रमांक असतो, तोही उतरवा. मग प्रीअँपमधून लॅपटॉपला तार जोडून ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरवर आवाज उतरवून ठेवा. आधी धुवायचं, मग उतरवायचं. खरखर काढायचे फिल्टर मूळ फाइलवर लावू नका, प्रतीवर लावा. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

लोकांपुढे मांडायचं असेल तर कायदा लक्षात घ्या. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो, म्हणून खूप जुन्या ७८वरचा तो संपलेला असतो. पण कवीचा आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. घरात ऐकायला ठेवताना हा प्रश्न येत नाही.

आजोबांच्या गठ्ठ्यातल्या एकोणचाळीस रेकॉर्ड्स अशा उतरवून झाल्या. चाळिसाव्या ओळीत मी लेबलवरचं सगळं लिहिलं आहे, पुढे ‘दसरा’ असं लिहिलं आहे, आणि आवाजाचा रकाना कोरा ठेवला आहे. त्याच क्रमांकाची दुसरी प्रत कुठल्यातरी माळ्यावर असणार, म्हणून चोर बाजारात गेले की ७८चा खोका मी तळापर्यंत बघते.